राणी दिसली का?

अहो दिसली का, दिसली का काय विचारताय सारखं? ती काय एसटी हाय का, थांब्यावर उभं राहिलं की दिसायला? मधमाशांच्या एका पेटीत आठ फ्रेमा, त्यावर हजारो माशा, सगळ्या एका रंगाच्या, सगळ्या एकमेकींच्या अंगावरनं पळत्यात, आणि त्यातली एक जरा लांबट, ती म्हणे राणी… आणि ती हुडकायची कुणी? मी! ज्याला जत्रेत सोताची बायको पाठमोरी ओळखता येत न्हाई, त्यानं!

तुमाला सांगतो, मला ह्या माशांचा नाद नव्हताच. नाद स्वप्नाला, म्हणजे आमच्या मंडळींना. कालव्याच्या कडंला अर्धा एकर कांद्याचं बियाणं लावलंय तिनं, तिच्या हौसेनं, मला न इचारता. गेल्या साली पण लावलं व्हतं. गोंडे आले असे टरारून, पांढरेधोप, रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघायचा… आणि काढणीला हातावर चोळून बघतो तर काय? फोलपटं! बी न्हाईच! शेजारचा गोरख म्हणला, "नवनाथ, माशीच फिरकली न्हाई तर बी कुठनं भरंल?" झालं. मग गावातल्या बाया येता-जाता, "काय गं स्वप्ना, किती निघालं बियाणं?" म्हणजे ठाऊक असून इचारायचं! वर्षभर ऐकून घेतलं बिचारीनं. औंदा म्हणली, "मधाची पेटी आणायची. आणि ती सांभाळायची तुमी." का? तर मला शेतातलं दुसरं काय धड येत न्हाई म्हणून! असं चारचौघात म्हणली.

गेलो प्रशिक्षणाला. यशोधरा मॅडम शिकवाया, पोरगी माझ्या पुतणीएवढी, पण माशांवर असा हात फिरवायची, मी बघूनच घामाघूम. म्हणल्या, "काका, थंडी सरून फुलोरा सुरू झाला की पेटी एकदा उघडून तपासायची. थोडा धूर द्यायचा, सावकाश एकेक फ्रेम उचलायची, राणी आहे का बघायचं आणि बंद करायचं. ही सातेरी माशी आहे, हिला सारखी ढवळाढवळ चालत नाही. वैतागली की अख्खं बिऱ्हाड घेऊन उडून जाते." आता एवढ्या बोलण्यातलं माझ्या ध्यानात काय राहिलं? "उडून जाते!" बाकी सगळं पंख्याच्या वाऱ्यावर गेलं.

मग काय, पेटी घरी आली, पळस फुलला, गोंडे उमलाया लागले, आणि तपासणीचा दिस आला. मी जाळीची टोपी घातली, वरनं रेनकोट, पायात गमबूट, पँटीवरनं मोजे वढले, हातात स्वप्नाचे भांडी घासायचे मोजे. आमची आई, फुलाबाई, दारात शेंगा निवडत बसलेली, ती म्हणती, "आरं नवनाथा, पूर आलाय का काय?" म्हणलं आये, गप बस, माजं काळीज आधीच ठिकाणावर न्हाई! गवरीचा धूर केला, तो माशांना कमी आणि मलाच जास्त लागला, खोकून खोकून डोळं लाल… आणि झाकण उचललं.

राव! तो आवाज! आधी कानात येतो आणि मग पोटात उतरतो. फ्रेम उचलली, आणि तेवढ्यात एक माशी जाळीत शिरली. जाळीच्या आत! म्हणजे माझ्याकडं! नाकावर बसली. आता फ्रेम टाकावी तर माशा मरत्यात, न टाकावी तर नाक जातंय. झेंडावंदनाला पोरं उभी राहत्यात तसा उभा राहिलो, डोळं मिटून. आता मला सांगा, डोळं मिटून राणी कशी दिसायची? फ्रेम ठेवली, झाकण लावलं, लांब जाऊन टोपी काढली, आणि बांधावरनं स्वप्ना वरडली, "राणी दिसली का?"

म्हणलं, "न्हाई."

तिचा खुरप्याचा हात थांबला बघा. नुसती त्या गोंड्यांकडं बघत राहिली. आणि माज्या डोक्यात एक किडा शिरला, की नवनाथा, फ्रेम ठेवताना कायतरी कचकन वाजलं व्हतं… ती राणी तर नव्हती? मारली का काय आपण? रातभर झोप न्हाई. बायकोचं बियाणं गेलं, वर पुन्ना एक वर्ष त्या बायांची इचारपूस!

मग दुसऱ्या दिशी पुन्ना उघडली. न्हाई दिसली. तिसऱ्या दिशी पुन्ना. अहो, मनच ऱ्हाईना! जेवाय बसलो की वाटायचं आता उडाल्या असत्याल, की ताट सारून पळायचो. त्यात आमच्याकडं पद्धत कशी, घरात नवं काय आलं की ते पावण्याला दाखवायचं. लोणी गावचा मेव्हणा आला, कपिल. चप्पल काढायच्या आधी म्हणतो, "दाजी, राणी दिसली का? दाखवा की!" नवी सून कशी चहाचा ट्रे घेऊन येती, तसा मी फ्रेम घेऊन बाहेर! त्यानं फोटो काढला, ग्रुपवर टाकला, आणि झालं, रोज कोणतरी हजर. कुणी साखरपुड्याची पत्रिका द्याया आला, "माशा बघू." कुणी ट्रॅक्टरची ट्रॉली मागाया आला, "माशा बघू." न्हाई म्हणावं तर म्हणणार, पेटी आणली तर माजला. म्हणून उघडायचो. आणि जो तो वाकून बघून, सगळं समजल्यागत मान हलवून इचारणार, "राणी दिसली का?"

आणि मग ती सकाळ. बाहेर आलो, धुकं पडलेलं, पेटीपशी गेलो… गप! एक माशी बाहेर न्हाई! कान लावला, काय ऐकू येईना. उडाल्या! म्हणलं स्वप्नाला काय सांगू? रेनकोट न्हाई, टोपी न्हाई, तसाच स्वेटरवर झाकण उचललं…

आत व्हत्या. सगळ्या व्हत्या. झोपलेल्या व्हत्या.

पुढचं सांगत न्हाई. वरचा ओठ आणि डावा कान, एवढंच सांगतो. हे असं टम्म फुगलेल्या ओठानं मॅडमना फोन लावला, माज्या बोलण्यातलं निम्मं त्यांना कळंना. त्या म्हणल्या, "काका, बाहेर थंडी आहे, तुम्ही स्वेटर घातलाय ना? मग त्यांना कशाला बाहेर बोलावताय? ऊन आलं की निघतील."

तरी बया धावत आल्या दुपारी. टोपी सुद्धा घातली न्हाई. एक फ्रेम उचलली, उन्हाकडं धरली, म्हणल्या, "हे बघा काका, पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाला अंडी, तांदळाच्या कणीहून बारीक. ताजी आहेत. राणी आहे, उत्तम आहे, कामात आहे." म्हणलं मग मला का दिसली न्हाई? म्हणल्या, "दिसायची गरजच नाही. अंडी दिसली की झालं, हे शिकवलं होतं मी." शिकवलं व्हतं! पंख्याचा वारा!

मला एवढा आनंद झाला, सुजल्या ओठानं हसाया गेलो तर डोळ्यातनं पाणीच आलं. पण मॅडम हसंनात. फ्रेम ठेवली, स्वप्नाकडं वळून म्हणल्या, "ताई, ह्या पेटीला रोग नाही, कीड नाही, फक्त काका आहेत. माशा वैतागल्यात, पराग आणायच्या कमी झाल्यात. अजून एक-दोनदा उघडली तर निघून जातील. गोंडे ऐन भरात आहेत तुमचे."

बायको वरडली तर माणूस बचावतो हो, गप बसली की मेला. दिवेलागणीला, माशा आत गेल्यावर, स्वप्नानं गोठ्यातली शेळीची साखळी आणली, पेटीला हळूच आडवी-उभी गुंडाळली, खालचं दार तेवढं मोकळं सोडलं, आणि वर कुलूप घातलं. चावी कनवटीला. म्हणली, "बियाणं हातात येईपतूर पेटीला हात लावायचा न्हाई. मागचं वर्ष म्या कसं काढलं, माजं मला ठाऊक."

बरोबर व्हतं तिचं.

आता ऊन चढलं की माशा भसाभसा निघत्यात, गोंड्या-गोंड्यावर बसत्यात, पायाला पिवळं पिवळं घेऊन परत येत्यात. बी भरतंय म्हणती ती. मी आपला लांब बाजेवर. काल पावणं आलं, साखळी बघून म्हणलं, "नवनाथराव, चोरीची लई भीती हाय का तुमच्यात?" म्हणलं पावणं, बघा की, माशांना कुठं कुलूप हाय? त्या दिवसभर येत्यात-जात्यात… कुलूप मला हाय.