तात्यांचे अकाउंट चालू ठेवल्याबाबत

जबाब देणार पुरुष, वय ५२ वर्षे, धंदा नोकरी, पाणीपुरवठा कार्यालयात सर्व्हर सांभाळणे. नाव व पत्ता वेगळ्या कागदावर लिहून दिला आहे. ऑफिसात मला मास्तर म्हणतात. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेले नाही.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, दुसऱ्या मजल्यावर सर्व्हरच्या खोलीला लागून आमची खोली आहे. तिथे दोन टेबले आहेत. एक माझे. दुसऱ्यावर आमचे सहकारी, ज्यांना सगळे तात्या म्हणत, ते एकोणीस वर्षे बसत होते. दोन वर्षांपूर्वी ते आठ दिवसांच्या रजेवर गेले आणि रजेतच वारले. आमच्या विभागाच्या नवीन मॅडमनी तक्रार दिली आहे की, त्यानंतरही तात्यांच्या ऑफिसच्या अकाउंटमध्ये कोणीतरी लॉगिन करत आहे. ते अकाउंट येत्या शुक्रवारी मेलसकट काढून टाकावे, असा आदेशही त्यांनी काढला आहे. लॉगिन करणारा मीच. म्हणजे माझी स्क्रिप्ट.

हवालदारांनी स्क्रिप्ट म्हणजे काय ते विचारले. संगणकाला कामांची यादी एकदाच लिहून द्यायची, मग तो ती ठरल्या वेळी न कुरकुरता करत राहतो, तिला स्क्रिप्ट म्हणतात. हवालदार म्हणाले, "आमच्याकडे पण एक पाहिजे."

पूर्वी ही कामे आम्ही हाताने करायचो. नवीन माणूस रुजू झाला की तात्या त्याचे अकाउंट उघडत, पहिला पासवर्ड चिठ्ठीवर लिहीत आणि स्वतः त्याच्या टेबलापर्यंत जाऊन देत. तिथे बसत, चहा घेत, घरी कोण कोण असते ते विचारत. एका अकाउंटला पाऊण तास लागे. त्या वेळचे साहेब म्हणाले, हे सगळे आपोआप झाले पाहिजे. मी स्क्रिप्ट लिहिल्या. आता अकाउंट चार सेकंदांत उघडते. आमच्या खोलीत कोणी येत नाही. साहेबांनी माझे अभिनंदन केले होते.

त्यातली एक स्क्रिप्ट अशी, की नव्वद दिवस कोणी लॉगिन केले नाही, तर ती ते अकाउंट पुसून टाकते. माणूस गेला, बदली झाली, वारला, तिला काही देणेघेणे नाही. तात्यांचे नव्वद दिवस भरत आले, तेव्हा मी दुसरी स्क्रिप्ट लिहिली. ती दर ऐंशी दिवसांनी तात्यांच्या नावाने लॉगिन करते आणि लगेच बाहेर पडते. थोडक्यात, माझ्या एका स्क्रिप्टच्या डोळ्यांत माझीच दुसरी स्क्रिप्ट धूळ फेकत होती. अकाउंट न पुसण्याची सूट द्यायची यादी असते, तिच्यात तात्यांचे नाव का घातले नाही, असे विचारले. त्या यादीवर साहेबांची सही लागते. कारण काय लिहिणार?

वेळ सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांची ठेवली होती. ऑफिस दहाचे आहे. तात्या अकरा पाचलाच यायचे.

पकडलो गेलो तो माझ्याच सवयीमुळे. नवीन स्क्रिप्ट लिहिताना मी जुनीच्या शेवटच्या ओळी जशाच्या तशा उचलतो. त्या ओळी काम झाल्याचा अहवाल साहेबांना मेलने पाठवतात. त्यामुळे या स्क्रिप्टनेही दर ऐंशी दिवसांनी इमानेइतबारे कळवले, "तात्या हजर. काम यशस्वी." साहेबांना असे आठ अहवाल गेले. एकाला त्यांचे उत्तर आले होते, "छान. असेच चालू ठेवा." ते निवृत्त झाले. नववा अहवाल मॅडमना गेला. मॅडम अहवाल वाचतात.

अकाउंटमधून कोणती माहिती चोरली, असे विचारले. काही नाही. पण मी त्या पत्त्यावर रोज एक मेल पाठवत होतो, हे खरे आहे. रजेवर जाताना तात्यांनी, मेल आला की आपोआप जाणारे उत्तर लावून ठेवले होते, ते मला रोज यायचे. ते फौजदार साहेबांनी प्रिंट काढून जोडले आहे. त्यात लिहिले आहे, "मी रजेवर आहे. काम तातडीचे असेल तर मास्तरांना गाठा. तातडीचे नसेल तरी त्यांनाच गाठा, त्यांना दुसरा उद्योग नाही."

रोज मेल का पाठवत होता, असे विचारले. मी सांगितले, सर्व्हर चालू आहे की नाही ते पाहायला. त्यावर फौजदार साहेब म्हणाले, "मास्तर, खरं सांगा." खरे सांगायचे तर मला त्या खोलीत करमत नाही. हे लिहू नका म्हणालो, पण हवालदारांचे लिहून झाले होते.

मी सगळे कबूल करतो आणि शिक्षा भोगायला तयार आहे, फक्त शुक्रवारचा आदेश थांबवा, असे सांगितले. फौजदार साहेब म्हणाले, "थांबवायचं काय त्यात? ते अकाउंट आता पुरावा आहे. केसचा निकाल लागेपर्यंत चालू आहे तसंच राहील. तुमच्या मॅडमलाही हात लावता येणार नाही." निकालाला किती दिवस लागतात, असे मी विचारले. "कबूल केलंत तर दोन महिने. नाही केलंत तर सात-आठ वर्षं कुठे गेली नाहीत."

माझ्या निवृत्तीला सहा वर्षे बाकी आहेत. तरी वर दिलेली कबुली मी मागे घेत आहे. मला काहीही मान्य नाही.

हा जबाब हवालदारांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच लिहिला आहे. त्यातले काहीही मला मान्य नाही, हेही बरोबर लिहिले आहे. तपास सावकाश व्हावा, ही विनंती.