बावीस पत्र्यांवरची वालधुनी

चांगुणा : म्हणजे तीन वर्षं हे पत्र या जाड पुस्तकात झोपलंय, आणि तुम्ही उत्तरच टाकलं नाहीत?

हरिचंद्र : लिहायला घेतलं होतं.

चांगुणा : अक्षर कोंडाजी भावजींचंच. दुकानाच्या पाटीसारखं, प्रत्येक अक्षराला सावली. “हरिचंद्रदादा, जय भीम. वालधुनीच्या पुलावरून एकच जागा बावीस पत्र्यांवर रंगवली. दर खेपेला निराळी दिसली, तशी काढली. ही चित्रं आहेत का नुसता रंग सांडलाय? तुम्ही लायब्ररीत चित्रांची पुस्तकं वाचता. एक ओळ कळवा. नाही म्हणालात तर पुन्हा पाट्याच रंगवीन.”

हरिचंद्र : हळू वाच ना. शेजारी ऐकतील.

चांगुणा : शेजाऱ्यांचं काय घेऊन बसलात? अख्ख्या वांगणीला कळलंय. काल बाजारात भावजींची बायको बनूबाई भेटली. तिच्या भावानं वांगणीला शेळ्यांचा गोठा बांधलाय. छपरावर भावजींचे सहा पत्रे ठोकले. चित्राची बाजू खाली.

हरिचंद्र : खाली का?

चांगुणा : पावसानं रंग जाऊ नये म्हणून. भावजींनीच सांगितलं तसं. आता शेळ्या माना वर करून रवंथ करतात. बनूबाई म्हणे, आमच्या चित्रांना एकदाचं पब्लिक मिळालं, तेही लेंड्या टाकणारं. उरलेले सोळा येत्या रविवारी ठोकणार.

हरिचंद्र : येत्या? आज बुधवार झाला.

चांगुणा : तीन वर्षांत दीडशे रविवार गेले, तेव्हा नाही मोजलेत. का नाही लिहिलंत?

हरिचंद्र : मी कोण सांगणारा? पुस्तकांवर शिक्के मारण्यात जन्म गेला. कधी ब्रश हातात धरला नाही. मी हो म्हणायचं आणि लोक त्याला हसायचे. नाही म्हणायचं आणि पुढे कळायचं, की मीच गाढव.

चांगुणा : त्यापेक्षा गप्प राहून गाढव झालात. थांबा, मागे आणखी एक कागद आहे. हे तुमचं अक्षर. मुंगीसारखं.

हरिचंद्र : ते वाचू नकोस.

चांगुणा : “प्रिय कोंडाजी, तू पाण्याचा रंग जांभळा दाखवला आहेस. तसा तो निसर्गात आढळत नाही. रंग एकमेकांत फुटले आहेत. शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये या पद्धतीचे चित्रकार होऊन गेले. त्यांची नक्कल केल्यासारखी वाटते...” अगं बाई! कोंडाजी भावजी आणि फ्रान्सची नक्कल? अहो, ते दादरला उतरले तरी हरवतात.

हरिचंद्र : पुस्तकात तसंच होतं गं. तीच नदी, तोच पूल, सकाळी वेगळा, दुपारी वेगळा. घाईघाईनं ओल्या रंगावर ओला रंग. मला वाटलं, यानं कुठल्या तरी कॅलेंडरवर पाहिलं असणार. आणि तसं लिहायला मन होईना. चौदा एप्रिलची कमान वीस वर्षं फुकट रंगवणारा माणूस. त्याला नकलाकार म्हणू?

चांगुणा : आणि जांभळ्या पाण्याचं काय?

हरिचंद्र : पाणी कधी जांभळं असतं का?

चांगुणा : वालधुनीचा पूल शेवटचा कधी ओलांडलात?

हरिचंद्र : वाचनालय पुलाच्या अलीकडेच आहे ना.

चांगुणा : धन्य! मी एकोणीस वर्षं काडीपेटीच्या कारखान्यात त्या पुलावरून गेले. वरच्या अंगाला रंगाचे कारखाने. त्यांना जांभळ्याची ऑर्डर, तर नदी जांभळी. हिरव्याची, तर हिरवी. आम्ही बायका पुलावर येईपर्यंत पैज लावायचो. ती वेणू तर साडी नदीला मॅच झाली की चिडायची.

हरिचंद्र : तू कधी बोलली नाहीस.

चांगुणा : रोज बोलले असेन. तुम्ही पुस्तकातून “हं” म्हणाला असाल. उठा. चपला घाला. हे इनलँड लेटर घ्या, पेन घ्या. चारला पोस्टाची पेटी उघडतात.

(वालधुनीच्या पुलावर. दुपारचे सव्वातीन.)

हरिचंद्र : नाकाला रुमाल लावू का?

चांगुणा : लावा. डोळ्याला लावू नका म्हणजे झालं.

हरिचंद्र : अगं, हे गुलाबी आहे!

चांगुणा : राणी कलर. कडेला बघा, पिवळ्याची धार सुटलीय.

हरिचंद्र : थांब. ढग आला. मधलं सगळं जांभळं झालं. आत्ता, आपल्या डोळ्यांदेखत. आणि ती म्हैस, तिच्या पोटाखाली हिरवं. कोंडाजी एकदा सायकलला तीन पत्रे बांधून वाचनालयात आला होता. एकावर ही म्हैस होती. मला वाटलं, हिला काही तरी रोग झालाय.

चांगुणा : तसं म्हणालात तोंडावर?

हरिचंद्र : नाही. चहा मागवला.

चांगुणा : आणि?

हरिचंद्र : चहा पिऊन तो गेला. मग हे पत्र आलं.

चांगुणा : तो पानवाला बघा हात करतोय. विचारतोय, “कुछ गिर गया क्या, अंकल?”

हरिचंद्र : नाही म्हणून सांग. नुसतं बघतोय म्हणावं.

चांगुणा : त्याला नाही पटायचं. इथे नुसतं कोण बघतं?

हरिचंद्र : कोंडाजी बघायचा. ढग गेला बघ, परत गुलाबी. पाट्यांचा उरलेला ऑइलपेंट वाळायला दिवस लागतो, आणि इथे दोन मिनिटांत पाणी बदलतंय. तो कशाला वाळायची वाट बघेल? म्हणून रंग फुटलेत. आणि मी ते चूक म्हणून लिहून ठेवलं.

चांगुणा : मग लिहा की आता. का समोरच जाता? बदलापूर एक स्टेशन.

हरिचंद्र : नको. तो समोर आला की मी पुन्हा चहाच मागवीन.

चांगुणा : बरं, लिहा. काय लिहिताय ते मोठ्यानं वाचा.

हरिचंद्र : “सप्रेम जय भीम. उत्तरास झालेल्या विलंबाबद्दल दिलगीर आहे. छायाप्रकाशाच्या संदर्भात प्रथम असे नमूद करावेसे वाटते...”

चांगुणा : नमूद! अहो, त्यांनी एक ओळ मागितलीय. तुमचं नमूद होईपर्यंत तिकडे छप्पर होईल.

हरिचंद्र : माझी चूक निघाली तर? उद्या कोणी जाणकार आला आणि म्हणाला...

चांगुणा : जाणकार या नाल्यावर कधी येतोय? आज तुम्ही आलाय. तुम्हाला काय दिसलं ते लिहा.

हरिचंद्र : ... “कोंडाजी, ही चित्रंच आहेत. आज पुलावर जाऊन बघितलं. चूक माझी. उरलेले पत्रे ठोकू नकोस. रविवारी येतो, शेळ्यांकडचे सहासुद्धा बघायचे आहेत.”

चांगुणा : आता कसं माणसासारखं झालं. चला, चाराला दहा कमी.

हरिचंद्र : पत्ता बरोबर आहे ना? बदलापूर गाव, विहिरीजवळ.

चांगुणा : बरोबर आहे. ही आली पेटी, टाका. अहो, सोडा की हातातनं! पेटीत हात घालून उभे काय राहिलात?

हरिचंद्र : सोडलं.

चांगुणा : मग आता काय झालं?

हरिचंद्र : घडी घातली तेव्हा शाई ओली होती गं. अक्षरं फुटली असतील.

चांगुणा : फुटू देत. त्यांना कळतं तसलं.