हार्पवाल्या एउलोहियोंच्या बाहुल्या

नाव: सुनिल्दा एउलोहियो बेनितेस. वय ३९. धंदा: शिवणकाम. राहणार पासो याकारे, पाराग्वे.

मी जिल्हा मुख्यालयात स्वतः हजर राहून, कोणाच्या दबावाशिवाय सांगते की, एउलोहियो बेनितेस, वय ६६, हे माझे वडील. ते हार्प हे तारांचे वाद्य बनवतात. तारांची भोकं त्यांना हल्ली नीट दिसत नव्हती, म्हणून मंगळवारी सकाळी मी त्यांना शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेले.

तिथल्या नर्सबाईंनी आधी डोळा बधिर करणारा थेंब घातला, मग बाहुली मोठी करणारा. मी विचारले, दोन कशाला? त्या म्हणाल्या, "ताई, काळ्या डोळ्यांत औषध लवकर चढत नाही. आधी बधिर केलं की झोंबत नाही, पाणी येऊन औषध वाहून जात नाही, आणि दुसरा थेंब आत जास्त मुरतो. बाहुली मोठी होते आणि बराच वेळ तशीच राहते. घाबरू नका. पण डोळा दुखला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं किंवा उलटी झाली, तर थांबू नका, तडक इकडे या."

दुपारी घरी आल्यावर वडिलांचा उजवा डोळा दुखू लागला. चुलीच्या जाळाभोवती कडं दिसतंय म्हणाले. उलटी झाली. मी लगेच त्यांना शेजाऱ्यांच्या गाडीत बसवून दवाखान्याकडे निघाले. गाडी मीच चालवत होते.

नदीच्या पुलाजवळ नाक्यावर फौजदार गाउदेन्सियो रोलोन यांनी गाडी अडवली. वडिलांच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या आकसल्या नाहीत. ते म्हणाले, "काय म्हाताऱ्या, या वयात काय ओढलंस?"

मी म्हणाले, "साहेब, दवाखान्यातलं औषध आहे." नर्सबाईंनी सांगितलेले दोन्ही थेंबांचे जसेच्या तसे सांगितले. डोळा जाईल, हेही सांगितले.

ते म्हणाले, "बाई, डॉक्टरांनी पाहिल्या नसतील एवढ्या बाहुल्या मी पाहिल्यात."

वडिलांना पुन्हा उलटी झाली, ती फौजदारांच्या बुटावर पडली. मी म्हणाले, "वास घ्या, दारू नाही." ते म्हणाले, "दारू नाही, म्हणूनच तर म्हणतोय." बाकीचे शिपाई हसले. मी पुन्हा सगळे सांगितले. दवाखान्याला फोन लावा, असेही मी म्हणाले. त्यांनी लावला नाही. गाडीची किल्ली काढून घेतली आणि वडिलांना नाक्यावरच्या चौकीच्या कोठडीत ठेवले.

मला बाहेर बसवले. आतून वडिलांचा आवाज येत होता. ते देवाचे नाव घेत नव्हते, माझे घेत होते. नंतर आवाज बंद झाला. एका शिपायाने येऊन सांगितले, "झोपला बघ, उतरली."

सकाळी सोडले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थेंबांमुळे हजारोंत एखाद्याच्या डोळ्यात असा दाब चढतो. काल आणले असते तर उतरवता आला असता. उजव्या डोळ्याने आता दिसणार नाही. डाव्याला असे होऊ नये म्हणून उपचार केले आहेत. नर्सबाई रडल्या. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांनी सांगायचे ते सांगितले होते. माझी तक्रार ज्यांनी ऐकायचे ते ऐकले नाही त्यांच्याविरुद्ध आहे.

फौजदार रोलोन काल घरी येऊन गेले. वडिलांना म्हणाले, "एउलोहियोजी, माणूस आहे, चुकतो." वडील रंधा चालवत राहिले. हात एकदा सुटला, बोट कापले. फौजदारांनी रुमाल पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

वरील मजकूर लेखनिकांनी वाचून दाखवला. त्यात "हा प्रकार गैरसमजुतीतून घडला" असे एक वाक्य आले होते. ते मी सांगितलेले नाही. समज मी दोनदा दिली होती. ते वाक्य खोडून पुन्हा वाचून घेतले. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

वडिलांच्या सहीची गरज नाही असे सांगण्यात आले. सोबत आलेले वडील म्हणाले, "मला करायची आहे." त्यांनी डाव्या डोळ्याने जागा शोधली आणि सही केली. मी हात धरला नाही.