केरबाअण्णांचा फोन बाटला

मंडळी, ऐका! एक प्रश्न टाकतो — आपली आवड आपल्या कामाला येते, की आपणच जन्मभर तिची राखण करत बसतो? पेटीवाले बुवा, हसू नका! तुमची काळी दोनची पट्टी तीस वर्षं जागची हललेली नाही!

कोल्हापूरच्या दक्षिणेला एक गाव. तिथले केरबाअण्णा चौगुले म्हणजे गाण्याचे दर्दी! ऐकायचे काय? नाट्यगीतं! आणखी काय? नाट्यगीतंच! फोनही तसाच, सोवळ्यातला. एक नाट्यगीत संपलं की आपणहून दुसरं काढणार. "माझ्या फोनला वळण हाय!" अण्णा चारचौघांत सांगत. बायकोला हात लावू देत नसत.

अशा या अण्णांनी म्हैस आणली — कर्नाटकातल्या चिक्कोडीकडची. काळीभोर, डौलदार! पण दूध? थेंब नाही! पान्हाच सोडेना. रेडकू लावलं, सरकी घातली, नाट्यगीत लावलं. नाट्यगीतावर तिनं लाथ मारली. नुसती शेपटी नाही — लाथ!

चौथ्या दिवशी अण्णांची बायको आक्काताई म्हणाली, "अवो, कास दगडागत झालीया. जनावर कळवळतंय. आज बघा, न्हाईतर उद्या परत धाडा!"

अण्णांचा तर जीव जडलेला! त्यांनी म्हशीच्या जुन्या मालकाला, बसप्पांना, फोन लावला.

"धारेला गाणं लावताय काय?" बसप्पांनी विचारलं.

"लावतो की! नाट्यगीत!"

बसप्पा म्हणाले, "तिला कन्नड पाहिजे बघा. ढोलाचं. आमच्यात रोज तेच."

अण्णा फोन ठेवून आक्काताईकडे वळले. "अगं, माझ्या फोनवर? एकदा लावलं की त्यो तसलीच गाणी काढत सुटंल. फोन बाटंल!"

"बाटू दे! तिची कास फुटायची येळ आलीया, आन् तुमास्नी फोनचं सोवळं!"

हसताय? सुनेचं गाणं लागलं की आवाज बारीक कोण करतं? हात वर करा! … बघा, एकही नाही. गावच सज्जनांचं!

लावलं एकदाचं. ढोल घुमला. म्हशीनं कान हलवले, डोळे मिटले — आणि सर्रर्र! बादली फेसानं भरली!

फोन मात्र बाटला. संध्याकाळी उघडला, तर 'खास तुमच्यासाठी' म्हणून सोळा कन्नड गाणी! अण्णांनी कपाळाला हात लावला. पण धार तर काढायची! दोन्ही वेळा तेच ऐकायचं!

महिना गेला. एका सकाळी आक्काताई गोठ्यात आली. भरली बादली बाजूला, म्हैस रवंथ करतेय, गाणं चालूच.

"अवो, धार झाली की! बंद करा."

अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "थांब गं. आता त्यो वरच्या सुरात जाणार हाय."

मंडळी, शब्द एक कळत नव्हता. सूर कुठे चढणार ते कळत होतं! फोन तुम्हाला आवडेल तेच देतो. देव इतका आज्ञाधारक नाही. तो शेजारी देतो, व्याही देतो, म्हैस देतो!

आता उठण्याआधी शेजारच्याला विचारा — "तुम्ही काय ऐकता हो?" सांगेल ते एक गाणं पूर्ण ऐका. तोंड वाकडं न करता! तेवढीच माझी दक्षिणा.