वाघाचं पिल्लू काय खातं?

बालवाडीच्या प्रवेशाच्या मुलाखतीसाठी बाहेर रांगेत आमच्या पुढे आई, बाबा आणि साडेतीन वर्षांची मुलगी बसली होती.

“बाबांना शेवटचं एकदा सांग. वाघाचं पिल्लू काय खातं?”

“बिस्किट. अर्धं सशाला देतं.”

“अगं, मांस खातं, मांस!”

“टीव्हीत नाही खात.”

“घे! तूच म्हणालास ना, कार्टून बघून प्राण्यांची माहिती होईल?”

“तिच्यासमोर नको. बाळा, हत्तीचं पिल्लू कसं ओरडतं?”

“ओरडत नाही. सॉरी म्हणतं.”

“संपलं. गेली ॲडमिशन.”

“आई, अस्वलाच्या पिल्लाला उत्तर आलं नाही ना, तर त्याची आई त्याला कुशीत घेते. तू पण घेशील?”

“घेईन की गं. पण आत गेल्यावर असलं काही विचारायचं नाही हं.”