पहिला अंक, स्वच्छ प्रत

मुलगा: हळू धरा, बाबा! कोपरा आपटला तर किंमत उतरते.

बाबा: किंमत कसली? तू तर म्हणालास, कसर लागेल, प्लास्टिकची पेटी करून आणतो.

मुलगा: पेटीच आहे ना ही. चारी बाजूंनी सील. वरचं लेबल बघा, तपासणाऱ्यांनी दहापैकी सात दिलेत. एवढ्या जुन्या कॉमिकला सात म्हणजे चैन आहे! उडणाऱ्या वीराचा पहिला अंक, आणि तोही असा स्वच्छ. कुठे मिळतो आता?

बाबा: ह्याच्या मिशा कुठे गेल्या?

मुलगा: कुणाच्या?

बाबा: ह्या वीराच्या. तुझ्या आईने मुखपृष्ठावर पेन्सिलने काढल्या होत्या. म्हणाली, एवढा धिप्पाड गडी, आणि ओठ कोराच.

मुलगा: हां, त्या. त्या काढल्या.

बाबा: कोणी?

मुलगा: बाबा, घेणारा उद्या येतोय. जन्मभर असलेच अंक जमवतो तो. पहिल्या भेटीतच म्हणाला, आत कुणी लिहून ठेवलं असेल तर मला नको.

बाबा: आत? आतलंही पुसलंस?

मुलगा: एकदम मऊ रबराने. कागदावर ओरखडा नाही, बघा तरी.

बाबा: कागदाचं कोण विचारतंय?

मुलगा: चौकटी चौकटीत लिहिलं होतं हो तिने. जागाच सोडली नव्हती.

बाबा: लिहिणारच. मला ती परकी भाषा कळत नाही. लहानपणापासून नुसती चित्रंच बघत आलो. अंथरुणाला खिळली तेव्हा तिने अंक मागून घेतला. म्हणाली, आणा तुमच्या त्या उडाणटप्पूला, मी बोलतं करते.

मुलगा: तिला तरी कुठे येत होती ती भाषा? मनानेच काहीबाही लिहिलं होतं.

बाबा: म्हणून तर! तो ढगातून झेपावतो, तिथे काय होतं ठाऊक आहे? 'अहो, दाराला कडी लावलीत का?' आणि विजारीवरून चड्डी घालून कमरेवर हात ठेवून उभा राहतो, तिथे, 'शिंप्याचा दोष नाही, घालणाऱ्याची घाई.' मशीनवर बसल्या बसल्या आठवून हसायचो मी. गिऱ्हाइकं माझ्या तोंडाकडे बघायची.

मुलगा: तुमच्यासाठीच केलं, बाबा. सुईत दोरा ओवायला तुम्हाला शेजारच्या मुलीला हाक मारावी लागते. म्हटलं, हा अंक गेला की मशीन बंद. निवांत बसाल.

बाबा: मला विचारलंस?

मुलगा: विचारलं असतं तर नाही म्हणाला असता.

बाबा: म्हणजे उत्तर ठाऊक होतं. आईचं अक्षर ओळखलं नाहीस?

मुलगा: ओळखलं.

बाबा: आणि तरी हात चालला तुझा.

मुलगा: न वाचता पुसलं. वाचलं असतं तर पुसता आलं नसतं.

बाबा: कात्री दे.

मुलगा: कशाला? बाबा, नको! सील तुटलं की सगळं गेलं. उद्या त्याला काय दाखवू मी?

बाबा: तोंड दाखव. मला दाखवतोयस तसंच. दे ती कात्री.

(प्लास्टिक तडकल्याचा आवाज. मशीनवरच्या दिव्याची मान खाली ओढली जाते.)

बाबा: दिवा तिरका धर. शिलाई उसवली तरी कापडावर खूण राहते. ती पेन्सिल दाबून लिहायची. हे बघ. 'कडी'. दिसतंय?

मुलगा: थांबा... 'दाराला कडी लावलीत का'. अहो, खरंच दिसतंय! उलटा, पुढचं पान उलटा.

बाबा: 'घालणाऱ्याची घाई.' आहे. हे जरा पुसट झालंय. 'औ' काहीतरी.

मुलगा: 'औषध फार कडू आहे, ह्या राक्षसाला पाजा.'

बाबा: हो. हेच होतं.

मुलगा: मी गिरवून देतो, बाबा. उद्याचा माणूस गेला उडत. जे दिसत नाही ते तुम्ही आठवून सांगा, मी लिहितो. सगळं होतं तसं करू.

बाबा: तुझं अक्षर नको मला.

मुलगा: बरं, नाही गिरवत. पण शेवटच्या पानावर काहीच दिसत नाही. दिवा अजून खाली घेऊ?

बाबा: घे.

मुलगा: नाही. ह्या बाजूनेही नाही. तिथे लिहिलंच नसेल तिने.

बाबा: लिहिलं होतं. माझ्यासमोर लिहिलं. हातात जोर राहिला नव्हता, पेन्सिल नुसती टेकायची. पान माझ्यापासून लपवलं आणि म्हणाली, हे एवढ्यात वाचायचं नाही.

मुलगा: मग नंतर वाचलंत ना? काय होतं?

बाबा: मी पुरवून पुरवून वाचत होतो. वाटायचं, ते पान होईपर्यंत तिचं काहीतरी बोलायचं बाकी आहे. तू न्यायला आलास, तेव्हा म्हटलं, पेटीतून आला की वाचू.

मुलगा: बाबा...

बाबा: दिवा बंद कर. शेवटचं पान वाचायचं राहिलं.