वेणी कापायचा मान

(टोंगामधलं एक गाव. सकाळ. आत्या पडवीत चटई विणतेय. तिची भाची सेलूवाया, गाण्यांनी नाव कमावलेली, काल ऑकलंडहून आलीय.)

आत्या : नाही म्हणजे नाही. कॅमेऱ्यापुढं मी बसायची नाही.

सेलूवाया : अगं, दोन वाक्यं तर बोलायचीत! टीव्हीवाले उद्या दुपारी येतील, तासाभरात जातील. बाबा जाताना काय म्हणाले, तेवढंच सांग.

आत्या : तू सांगितलंयस की सगळ्या जगाला. पाद्र्याच्या बायकोनं मोबाइलवर दाखवलं मला.

सेलूवाया : आणि सिनेमा? पाहिलास?

आत्या : पाहिला. तुझं काम कधी आलं नि कधी गेलं, कळलंच नाही. पुन्हा लाव म्हटलं तिला.

सेलूवाया : अडीच मिनिटांचंच आहे गं. पण कौतुक बघ! दहा वर्षं गातेय, एवढं कुणी लिहिलं नव्हतं. म्हणे, गाणारी पोरगी नुसती गप्प बसली आणि सगळं थिएटर रडलं.

आत्या : रडणारच. बाप गेलेल्या पोरीची वेणी कापताना बघून कोण रडायचं राहील? केस खरे होते ना?

सेलूवाया : खरेच.

आत्या : आणि ती कापणारी बया कोण?

सेलूवाया : होती एक नटी, फिजीची.

आत्या : बाप गेला की पोरीची वेणी कापायचा मान आत्याचा. तुझा बाप गेला तेव्हा मी कात्री खाली ठेवली ती तुझ्यासाठी. आणि सिनेमावाल्यांनी केस मागितले तर लगेच दिलेस होय गं?

सेलूवाया : माझ्यासाठी कुठं? बाबांसाठी ठेवलीस! भर मयतीला तूच उभी राहून म्हणालीस, ‘सेमिसी जाताना सांगून गेलाय, माझ्या पोरीच्या केसांना हात लावू नका, तिला स्टेजवर उभं राहायचंय.’ मी पोचले ते गेल्यावर. त्यांचं तेवढं एकच वाक्य आहे माझ्याकडं. शूटिंगला कात्री मानेला गार लागली, तेव्हा मनात तेच चाललं होतं. बाबा, तुम्ही नको म्हणालात, पण मलाच चैन नाही, कापू द्या. मी अभिनय केलाच नाही, आत्या.

आत्या : फोन कर टीव्हीवाल्यांना. येऊ नका म्हणावं.

सेलूवाया : पण का?

आत्या : एकदा बोलले ते बोलले. पुन्हा नाही बोलवत.

सेलूवाया : म्हणजे?

आत्या : तू दारात आलीस ती वेणी मुठीत घट्ट धरून. लहानपणी सुई टोचायला नेलं की माझं बोट धरायचीस, तशी. बायका कुजबुजायला लागल्या. मी कात्री घेऊन उठले खरी, पण धीरच होईना. तोंडाला आलं ते बोलून गेले.

सेलूवाया : म्हणजे बाबा...

आत्या : केसांचं काही बोलला नाही तो.

सेलूवाया : आत्या! तीन वर्षं! तीन वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. एकदाही सांगावंसं वाटलं नाही तुला?

आत्या : वाटलं. पण दर फोनला तू विचारायचीस, बाबा माझ्यावर रागावले नव्हते ना? की मी विषयच बदलायचे. रड, पोरी. रडून घे.

सेलूवाया : रागावले होते?

आत्या : छे गं. रागवायला शुद्ध कुठं होती?

सेलूवाया : मग काय म्हणाले? खरं सांग आता. कसंही असलं तरी चालेल मला.

आत्या : सारखं एकच. ‘विमान आलं का?’

सेलूवाया : माझं?

आत्या : दुसरं कुणाचं? रविवार होता, देवाचा वार. रविवारी आपल्याकडं विमान उतरलंय का कधी? पण त्याला वाराचं भान नव्हतं. डोळे नुसते दाराकडं.

सेलूवाया : शनिवारी कार्यक्रम होता माझा. म्हणून सोमवारचं तिकीट काढलं. शुक्रवारीच निघाले असते तर...

आत्या : आता नको ते.

सेलूवाया : तू काय सांगितलंस त्यांना?

आत्या : म्हटलं, आलं. सेलू आलीय. बाहेर चपला काढतेय.